कोणता खेळ भारी? आधी हरणाऱ्याकडे बघा

कोणता खेळ भारी, हा वाद निघाला की गाडी लगेच ताकद, वेग आणि दमछाक यांवर येते. मला ते पटत नाही. दम तर दोरीवरच्या उड्या मारूनही लागतो. मी दुसरंच बघतो. जो मागे पडलाय, त्याच्या हातात अजून काय उरलंय?

२०१९ची विम्बल्डन फायनल आठवा. पाचवा सेट, फेडरर ८-७ने पुढे, सर्व्हिस त्याचीच, स्कोअर ४०-१५. म्हणजे दोन चॅम्पियनशिप पॉइंट, एक जरी जिंकला तरी कप त्याचाच! पहिला गेला. दुसऱ्यावर फेडरर नेटकडे धावला आणि जोकोविचने त्याच्या बाजूने क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका, फोरहँड काढला. अख्ख्या मॅचमध्ये फेडररचे २१८ पॉइंट, जोकोविचचे २०४. कप मात्र जोकोविचने नेला. काहींना हा अन्याय वाटतो. मला तर हीच टेनिसची खरी ताकद वाटते. इथे आघाडी घेऊन वेळ काढता येत नाही. शेवटचा पॉइंट जिंकावाच लागतो, आणि तोवर समोरचा जिवंत असतो.

घड्याळावर चालणाऱ्या खेळांचं दुखणं नेमकं इथेच आहे. १९५०च्या नोव्हेंबरमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या एका मॅचमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने बॉल नुसता धरून ठेवला, कारण समोर लेकर्सचा धिप्पाड जॉर्ज मायकन होता. पिस्टन्स जिंकले, १९-१८! डाव हुशारीचा होता, पण बघणाऱ्यांच्या वाट्याला खेळ आलाच नाही. पुढे असलेल्या टीमही असंच करायच्या. मग डॅनी बियासोन या टीममालकाने साधा हिशोब मांडला. ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद. रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट मारतात. भागाकार करा, २४. १९५४पासून शॉट क्लॉक आलं, म्हणजे बॉल हातात आला की २४ सेकंदांत शॉट मारायचाच, आणि बॉल दाबून बसणं संपलं.

फुटबॉलनेही १९९२मध्ये वेळ काढण्याचं असंच एक भोक बुजवलं. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरला हातात घेता येईना.

तरी ८०व्या मिनिटाला ३-० झालं की फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या पायातलं बळ गेलेलं दिसतं. टेनिसमध्ये दोन सेट गमावलेला खेळाडू टॉवेलने तोंड पुसतो आणि सर्व्हिसला उभा राहतो. म्हणून माझं मत टेनिसला. तुमचा खेळ याहून सरस असेल, तर मागे पडलेल्याला त्यात काय उरतं, तेवढं मला कमेंटमध्ये सांगा.