बाळाचं न्हाणं आणि इसब

आज इथे आज्या जास्त संख्येने आल्या आहेत, याचं मला फार बरं वाटतं. बाळाचं न्हाणं अजूनही पुष्कळ घरांत आजीच्या किंवा मालिशवाल्या मावशींच्या हातात असतं, आणि मला त्या न्हाण्याबद्दलच बोलायचं आहे.

चार-पाच महिन्यांचं बाळ. गाल लाल, खरखरीत, मधूनच पाणी सुटलेले. हातापायांच्या बाहेरच्या बाजूला चट्टे. रात्रभर आईच्या खांद्यावर गाल घासतं. लंगोटाखालची जागा मात्र बहुधा साफ असते, कारण तिथे ओल टिकते. हे इसब. ते कुणाला लागत नाही. ‘तू काहीतरी खाल्लं असशील’ असं सुनेला म्हणू नका आणि तिचं जेवण तोडू नका. बाळंतिणीला आधीच कमी झोप असते.

2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की इसब असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी बनतं. त्यामुळे कातडीतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. उन्हाने सारवलेल्या अंगणाचे पोपडे निघाले तर आपण खराट्याने खरवडत बसतो का? पुन्हा सारवतो. बाळाच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. कढत पाणी, वर डाळीचं पीठ, साय-हळद, आणि ‘लव जाईल’ म्हणून खसखसून चोळणं. यामागची माया मला ठाऊक आहे, मीही अशाच हातांखाली वाढलो. पण इसबाच्या बाळाला हे सोसत नाही.

पिठाबद्दल आणखी एक गोष्ट. 2003 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं, की शेंगदाण्याची ॲलर्जी झालेल्या मुलांपैकी अनेकांच्या पुरळावर लहानपणी शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली होती. तेव्हा डाळ, दूध, बदाम यांची पहिली ओळख बाळाला जेवणातून होऊ द्या, फुटलेल्या कातडीतून नको. धुरीही बंद ठेवा, कोरड्या कातडीला धुराचा त्रासच होतो.

मग करायचं काय? कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं. साबण जवळजवळ नाहीच, लागलाच तर सौम्य, बिनवासाचा, आणि तोही काखा-जांघांपुरता. मऊ जुन्या धोतराच्या फडक्याने टिपून घ्या, पुसू नका. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, साधी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं जाडसर मलम सगळ्या अंगाला लावा. चोळायचं नाही, केसांच्या दिशेने खाली पसरत न्यायचं. दिवसातून आणखी एक-दोनदा लावा. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची शिफारस मुलांसाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅमची आहे. तान्ह्याला कमी पुरेल, पण आपल्याकडे 30 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात, तिथेच सगळं अडतं.

तेल हवंच असेल तर खोबरेल. फिलिपिन्समध्ये वर्षावरच्या मुलांवर झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. परदेशातून कुणी कौतुकाने ऑलिव्ह तेल आणलं तर ते स्वयंपाकात वापरा. मोठ्यांच्या कातडीवर तपासलं तेव्हा त्याने वरचा थर आणखी कमकुवत केला.

कपडे सुती, शिवण बाहेरून. लोकरीचं टोपडं थेट अंगाला नको. नखं दोन-तीन दिवसांनी कापा.

एवढं करूनही चट्टे लाल राहिले, तर डॉक्टरांनी सांगितलेलं सौम्य स्टेरॉइड मलम सांगितलेल्या दिवसांपुरतं निर्धास्त लावा. त्याला घाबरून बाळाला खाजवत ठेवणं मला पाहवत नाही. मला भीती वाटते ती दुकानातून न विचारता आणलेल्या मलमाची. खाज, बुरशी, जंतू सगळ्यांवर एकच म्हणून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड असतं, आणि बाळाची कातडी पातळ होते. ‘पूर्ण नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या, घटक न छापलेल्या डबीलाही तेच लागू.

पिवळ्या खपल्या, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दाखवा. आणि घरात कुणाच्या ओठावर तापाचे फोड आले असतील, तर ते सुकेपर्यंत त्यांनी बाळाचा मुका घेऊ नये. तो विषाणू इसबाच्या कातडीवर झपाट्याने पसरतो. एकसारखे बारीक, पाणी भरलेले, दुखरे फोड दिसले तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालयात न्या.