न सांगितलेली खाज

नमस्कार, आयाबहिणींनो. घरातली पुरुष मंडळी जवळ बसली असतील, तरी रेडिओ बंद करू नका. त्यांनीही ऐकावं असाच आजचा विषय आहे.

गेल्या पावसाळ्यात, रोप लागवडीच्या ऐन धांदलीत, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडची एक बाई माझ्यापुढं येऊन बसली. काय होतंय विचारलं तर म्हणाली, "कंबर दुखतीया." तपासलं, कंबरेत काही सापडेना. मग ती उठली, दाराचा पडदा नीट ओढून आली आणि इतकं हळू बोलली की मलाच पुढं वाकावं लागलं. "बाई, खाली लई खाज सुटती. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." त्याआधी दोन ठिकाणी तिनं कंबरच सांगितली होती. पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली, त्यात एक अँटिबायोटिक होतं. खरं दुखणं सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याचं औषध मिळालं नाही. आणि जे मिळालं, त्यानं खाज वाढली.

अँटिबायोटिकनं खाज कशी वाढते, ते सांगते. योनीमार्गात चांगले जिवाणू असतात, आपल्या दह्यातल्या जिवाणूंचेच भाऊबंद म्हणा. ते तिथं थोडं आंबट वातावरण ठेवतात आणि बाकीच्यांना वाढू देत नाहीत. तिथंच कॅन्डिडा नावाची बुरशीही थोडीफार मुक्कामाला असू शकते, काही त्रास न देता. अँटिबायोटिकनं ते राखणदार जिवाणू मरतात, बुरशी मरत नाही. रान मोकळं मिळालं की ती माजते. गरोदरपणात, वाढलेल्या साखरेत, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतानाही तेच होतं.

दर ४ बायकांतल्या साधारण ३ जणींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. म्हणजे तुमच्या लागवडीच्या ओळीत, निपाणीत विड्या वळायला बसणाऱ्या बायकांच्या घोळक्यात, तुम्ही एकट्या नाही. आणि एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. ही बुरशी झाली म्हणजे बाई वाईट चालीची किंवा नवरा बाहेरख्याली, असं मुळीच नाही. लग्न न झालेल्या मुलीलाही ती होते. या एका गैरसमजापायी घरात झालेली भांडणं मी पाहिली आहेत, पोरींना मार बसलेला पाहिला आहे.

अंगावरून पांढरं जातं म्हणून प्रत्येक वेळी घाबरायचंही कारण नाही. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणी पातळ पांढरं जाणं निसर्गाचंच आहे. त्यानं ताकद जात नाही की हाडं झिजत नाहीत. बुरशीचं ओळखायचं ते खाजेवरून. खाज, आग, बाहेरची कातडी लाल होणं, लघवी करताना चुरचुर, आणि फुटलेल्या दह्यासारखं घट्ट पांढरं. घाण वास बहुतेक वेळा नसतो. माशासारखा वास येत असेल, किंवा हिरवट-पिवळं, फेसाळ जात असेल तर दुखणं दुसरं आणि औषधही दुसरं. ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग, यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

उपचार साधा आहे. क्लोट्रिमॅझोलची गोळी रात्री झोपताना योनीत ठेवायची. ५०० मिलिग्रॅमची असेल तर एकच रात्र, १०० ची असेल तर सहा रात्री. हात धुवायचे, उताणं पडून गुडघे वर घ्यायचे आणि बोटानं जमेल तितकी आत सरकवायची. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो, तो औषधाचाच असतो. काहींना फ्लुकोनॅझोल १५० ची एकच तोंडी गोळी देतात, पण ती गरोदर बाईनं घ्यायची नाही. तिला योनीत ठेवायचंच औषध सात रात्री देतात. दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि बायका उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देतात. तसं करू नका, जितक्या रात्री सांगितल्या तितक्या पुऱ्या करा. नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही.

मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणू नका. त्यातल्या कितीतरी ट्यूबांमध्ये क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. चार दिवस थंड वाटतं, मग तिथली नाजूक कातडी पातळ होते आणि बुरशी दुप्पट जोरानं उठते. लिंबू, लसूण, जंतुनाशकाचं पाणी आत घालू नका. आतली जागा स्वतःला स्वच्छ करते. बाहेरून साधं पाणी पुरे.

आता आपल्याकडच्या पावसाचं. सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून लावणी, कमरेपर्यंत भिजलेलं लुगडं, आणि घरी आल्यावर आधी चूल, मग म्हशी, मग स्वतःचे कपडे बदलणं. हा क्रम बदला, एवढीच माझी विनवणी आहे. ओलं आधी उतरवा. आतले कपडे आपण साडीच्या पदराखाली, माळ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालतो, कुणाला दिसू नयेत म्हणून. पावसात ते तिथं तीन-तीन दिवस दमट राहतात. चुलीपाशी, इस्त्रीखाली, पण कोरडे करून घाला. सुती असावेत, घट्ट नसावेत. पाळीचं कापडही असंच कडकडीत वाळलं पाहिजे.

वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा हे उलटलं तर साखर तपासा. मधुमेह असल्याचं कितीदा याच खाजेवरून पहिल्यांदा कळतं. साखरेच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात, त्यांनीही बुरशी वाढते. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, मनानं बंद करू नका.

सरकारी दवाखान्यात याची औषधं फुकट मिळतात. जिल्हा रुग्णालयात यासाठी सुरक्षा क्लिनिकही असतं. पुष्कळ जणी मला म्हणतात, तिथं सगळे कन्नड बोलतात, आम्ही सांगायचं कसं? तर शब्द दोनच लागतात. अंगावरून पांढरं जाण्याला कन्नडमध्ये 'बिळी सेरगु' म्हणतात. सेरगु म्हणजे आपला पदर, पांढरा पदर. आणि खाजेला 'तुरिके'. तोंडातून शब्द फुटत नसेल तर कागद-पेन घ्या, मी सावकाश सांगते, लिहून घ्या आणि तेवढी चिठ्ठी सिस्टरच्या हातात द्या. 'तुरिके आहे. बिळी सेरगु आहे, दह्यासारखं. वास नाही. इतके दिवस झाले.' दिवसांचा आकडा तुमचा तुम्ही घाला. गरोदर असाल तर तेही खाली लिहा.