अनब्रायडल्ड: लगाम नेमका कशाला?

(दृश्य: घोडीचं तोंड, अगदी जवळून. मागे बँडवाल्यांची जुळवाजुळव.)

वरात निघायला अजून अवकाश आहे. घोडेवाले घोडीच्या डाव्या अंगाला उभे राहून लगाम चढवतायत. घोडीने दात घट्ट मिटलेत. इथे जोर करून उपयोग नसतो. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये बिनदातांची हिरडी असते. ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा तिथवर सरकवला, की तोंड आपसूक उघडतं आणि लोखंडी कडी आत जाते. ती टेकते त्याच मोकळ्या हिरडीवर. मग डोक्यावरची वादी, एकेक कान अलगद बाहेर, कपाळावरची पट्टी सरळ. शेवटी गळ्याखालचा पट्टा. तो आवळायचा, पण आत चार बोटं शिरतील एवढी जागा ठेवून. नाहीतर मान खाली घेताना घोडीचा गळा दाबला जातो.

कडी, डोक्यावरच्या वाद्या आणि हातात धरायची वादी, हा सगळा साज म्हणजे इंग्रजीतला 'ब्रायडल'. तो नसेल तर 'अनब्रायडल्ड'.

(दृश्य: लक्ष्मी रस्ता, नवरीच्या साड्यांच्या दुकानांच्या पाट्या.)

या पाट्यांवरचं 'ब्रायडल' वेगळं बरं का. ते नवरीचं. स्पेलिंगमध्ये त्याच्या शेवटी 'ए एल', लगामाच्या शेवटी 'एल ई'. कानाला दोन्ही सारखेच. नवरीच्या शब्दात तर चक्क बिअर आहे: जुन्या इंग्रजीत 'ब्राइड' आणि 'एल' हे पेय मिळून लग्नाच्या मेजवानीचं नाव झालं, आणि कालांतराने तेच विशेषण बनलं. लगामाच्या शब्दाशी त्याचं काही नातं नाही. वरातीत दोन्ही एकत्र भेटतात, एवढंच.

(दृश्य: अप्पा बळवंत चौक, पुस्तकांच्या थप्प्या. त्यानंतर सदाशिव पेठेतली अभ्यासिका.)

स्पर्धा परीक्षांच्या शब्दसंग्रहाची पुस्तकं. डावीकडे इंग्रजी, मधे बरोबरची खूण, उजवीकडे मराठी. 'अनब्रायडल्ड' बरोबर 'बेलगाम'. एका शब्दाला एक शब्द, पाठ करा आणि पुढे चला. शेजारच्या अभ्यासिकेतल्या वहीत त्याचं पुढे काय झालंय ते पाहा: 'अनब्रायडल्ड जॉय', म्हणजे 'बेलगाम आनंद'. अक्षर मोत्यासारखं, खाली लाल शाईची रेघसुद्धा ओढलेली.

आता सांगा, पोरगी पहिल्या फटक्यात पीएसआय झाली तर तिच्या आईला बेलगाम आनंद होतो का? तिला आनंद अनावर होतो.

मेख इथेच आहे. हा इंग्रजी शब्द घोड्यापेक्षा माणसाच्या मनाच्या बाबतीतच जास्त वापरला जातो. त्याचा हा लाक्षणिक वापर चौदाव्या शतकापासून सापडतो. तो बहुतेकदा नामाच्या आधी बसतो, आणि ते नाम सहसा भावनेचं, इच्छेचं किंवा सत्तेचं असतं. आनंद, उत्साह, महत्त्वाकांक्षा, हाव. हट्टी पोराला कुणी 'अनब्रायडल्ड' म्हटलं, तर आजच्या इंग्रजी कानाला ते खटकतं. आणि शब्द स्वतः चांगला-वाईट काही ठरवत नाही. आनंदाला लागला तर कौतुक, हावेला लागला तर ठपका.

मराठी हे काम एका शब्दावर सोडत नाही. उत्साह उदंड असतो. हाव बेसुमार. वक्तव्य बेताल, आरोप बेछूट. गुरं मोकाट. गाडी हाकणारा बेफाम, आणि त्यात तर लगामाचा संबंधच नाही, 'फाम' म्हणजे समज. सत्ता मात्र निरंकुश.

(दृश्य: येरवडा, डेक्कन कॉलेज. कोशविभागातली कपाटं, खण, चिठ्ठ्यांवरून फिरणारं बोट.)

निरंकुश म्हटलं की घोडा जातो आणि हत्ती येतो: ज्याच्यावर माहुताचा अंकुश नाही असा. उच्छृंखल म्हणजे साखळी तोडलेला. 'निरंकुशाः कवयः' असं संस्कृतात म्हणतात, कवींना व्याकरणाची थोडी मोडतोड माफ, या अर्थाने. कवी मंडळी हे वचन सोयीने लक्षात ठेवतात.

या खणांमध्ये अशाच शब्दांच्या चिठ्ठ्या आहेत. ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृत कोश करण्याचं काम इथे 1948 मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलं. सुमारे 1500 ग्रंथ वाचून जवळपास 1 कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, त्याही संगणक नसताना, हाताने. कॅमेरा एका चिठ्ठीवर थांबलाय ती पाहा. वर शब्द. पण नुसता शब्द नाही, तो ज्या ओळीत आलाय ती ओळ, आणि ती कुठल्या ग्रंथातली, कुठल्या ठिकाणची. अर्थ ठरतो तो अशा सगळ्या ओळी शेजारी मांडल्यावर, कोणता अर्थ आधीचा आणि कोणता नंतरचा हे पाहून. बरोबरची खूण इथे कुठेच दिसत नाही.

हे वेळखाऊ आहे, मान्य. कोश अजून पूर्ण झालेला नाही. पण सदाशिव पेठेतल्या वहीत यातलं एवढं तरी येऊ शकतं: शब्दासमोर अर्थ लिहिण्याआधी एक अख्खं वाक्य.

(दृश्य: पुन्हा अभ्यासिका. वहीचं कोरं पान, पेन.)

परीक्षेत चार पर्याय आणि एक गोल असतो, तिथे 'बेलगाम' चालूनही जातं. उताऱ्याचं भाषांतर आलं, की मार्क जातात. या वहीत आता तीन रकाने आखलेत. पहिल्यात 'अनब्रायडल्ड', दुसऱ्यात त्याच्या पुढे आलेलं नाम, तिसऱ्यात त्या नामाला शोभेल असं मराठी. जॉय, अनावर. ग्रीड, बेसुमार. पॉवर, निरंकुश. 'अँबिशन'पुढचा रकाना अजून रिकामा आहे, आणि बाकावरच्या तिघांचं त्यावर एकमत होईना. एकीला 'अमर्याद' पटतंय, दुसरा म्हणतो 'बेलगाम' इथे खरंच चालेल, आणि तिसरा चहाला निघालाय.