इंग्रजीचा गृहपाठ: व्याकरणातून कवितेकडे

इंग्रजीच्या गृहपाठात मदत करायची म्हटली, की आपण बहुतेक वेळा उत्तर सांगून मोकळे होतो. मूल विचारते, ‘इथे सॉ येईल की हॅव सीन?’ आपण म्हणतो, ‘सॉ लिही.’ रिकामी जागा भरली जाते, पण पुढच्या वाक्यापाशी मूल पुन्हा तिथेच अडते, कारण ‘सॉ’ का, हे त्याला उमगलेलेच नसते. व्याकरण आणि कविता या दोन्हींचा अभ्यास आपण वेगवेगळ्या वह्यांत ठेवतो, त्यामुळेही हा ‘का’ हरवतो, असे माझे मत आहे.

‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ हे वाक्य मराठी मुलांच्या वहीत वारंवार भेटते. ती निष्काळजीपणाची चूक नाही. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे आपल्या कानाला खटकत नाही आणि मूल तेच इंग्रजीत उतरवते. इंग्रजीत मात्र ‘काल’सारखी संपून गेलेली वेळ वाक्यात आली, की साधा भूतकाळ वापरावा लागतो. म्हणून मुलाला नियम पाठ करायला लावण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत: वाक्यात वेळ सांगितली आहे का, आणि ती संपली आहे का? ‘डिस्कस अबाउट’चेही तसेच. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, इंग्रजीतल्या ‘डिस्कस’ला मात्र थेट कर्म लागते. मराठीच्या वळणामुळे झालेली चूक मराठी वाक्य शेजारी ठेवूनच समजावावी. मुलाला तिची लाज वाटू देऊ नये.

आता कवितेकडे येतो. इंग्रज कवी वर्ड्सवर्थची डॅफोडिलच्या फुलांवरची कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज सर्वत्र वाचला जातो तो चार कडव्यांचा पाठ १८१५ चा आहे. तिच्यावरच्या ‘कवीला आनंद कशामुळे झाला?’ या प्रश्नाचे उत्तर गाईडमध्ये तयार मिळते आणि मूल ते उतरवून काढते. त्याऐवजी त्याच्या हाती पेन्सिल देऊन फक्त क्रियापदांखाली रेघ मारायला सांगावे. सुरुवातीला ‘वॉन्डर्ड’, ‘सॉ’, ‘गेझ्ड’ असा भूतकाळ दिसतो. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी ‘हॅड ब्रॉट’ येते: कवी फुलांकडे पाहत होता तेव्हाच त्या दृश्याने त्याला मोठे धन देऊन ठेवले होते, पण ते त्याच्या ध्यानी आले नव्हते. चौथ्या कडव्यात ‘लाय’, ‘फ्लॅश’, ‘फिल्स’ अशी वर्तमानकाळाची रूपे येतात आणि सोबत ‘ऑफ्ट’, म्हणजे पुष्कळदा, हा शब्द असतो. फुले पाहण्याचा प्रसंग कधीच सरला, पण त्यांची आठवण आजही पुन्हा पुन्हा येते, हा कवितेचा आशय मुलाला काळाच्या बदलातूनच सापडतो. मग उत्तर त्याच्या स्वतःच्या शब्दांत येते, भले ते थोडे ओबडधोबड असेल.

अलंकारांबाबत मी फार वेळ घेत नाही. ‘पर्सोनिफिकेशन’ (माणूस नसलेल्या गोष्टीला माणसासारखे वागताना दाखवणे) असे नाव लिहिले की एक गुण मिळतो, पण कविता तिथे संपत नाही. ‘डान्स’ हा एकच शब्द घ्या. तो चारही कडव्यांत येतो: पहिल्यात ‘डान्सिंग’ असे फुलांचे वर्णन करताना, दुसऱ्यात नाम म्हणून, तिसऱ्यात लाटांसाठी ‘डान्स्ड’ असा भूतकाळात आणि अखेरच्या ओळीत ‘डान्सेस’ असा वर्तमानकाळात. या शेवटच्या ओळीपाशी मुलाला विचारावे, ‘इथे कोण नाचते आहे?’ पुष्कळ मुले ‘फुले’ असे सांगतात, कारण डॅफोडिल्स हा शब्द त्याच ओळीत आहे. तेव्हा त्याला ‘डान्सेस’च्या शेवटचा ‘एस’ दाखवावा. फुले अनेक आहेत, त्यांना हा ‘एस’ चालणार नाही. मग एकवचनी कर्ता शोधत मूल वरच्या ओळीत जाते आणि तिथे त्याला ‘हार्ट’ हा शब्द सापडतो.