सरळ टोकं, कुरळी मुळं

नमस्कार श्रोतेहो.

रिबॉन्डिंग, स्मूदनिंग किंवा केराटिन करून कुरळे केस काही वर्षं सरळ ठेवले आणि आता ते थांबवायचं ठरवलंय, अशा सगळ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे. पार्लरला एकदा ‘नको’ म्हणणं फार कठीण नसतं. त्यानंतरचे महिने कठीण असतात. टाळूपाशी चार बोटं कुरळे केस, खाली वीतभर सरळ आणि रूक्ष केस, आणि कंगव्यात रोज तुटलेले तुकडे. नेमक्या याच टप्प्यावर अनेक जणी कंटाळून पुन्हा उपचाराच्या खुर्चीत बसतात. या टप्प्यात केसांचं काय होत असतं हे कळलं, तर तो निभावून नेता येतो.

केसाला वळण मिळतं ते त्वचेच्या आत, केसाच्या कूपात. कूप ज्या आकाराचा, तसा केस बाहेर येतो. बाहेर आलेल्या केसात केराटिन नावाचं प्रथिन असतं, आणि त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. रिबॉन्डिंगच्या क्रीममध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. ते हे बंध तोडतं. मग केस इस्त्रीने सरळ ताणतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून त्याच सरळ अवस्थेत बंध पुन्हा बांधतात. म्हणून रिबॉन्डिंग केलेला केस कुठल्याही तेलाने, मास्कने किंवा घरगुती लेपाने पुन्हा कुरळा होत नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे वाचवा. पण औषध कूपापर्यंत पोचलेलं नसतं. त्यामुळे नवा केस आपल्या वळणानेच उगवतो. वाढत्या वयात, बाळंतपणानंतर किंवा थायरॉइडच्या त्रासात हे वळण थोडं बदलू शकतं, त्यामुळे शाळेच्या फोटोतल्या केसांशी आजच्या केसांची तुलना करू नका.

केराटिन उपचाराचं थोडं वेगळं आहे. त्यात केसावर थर चढवून तो साधारण 230 अंश सेल्सिअसच्या इस्त्रीने पक्का करतात. तीन ते पाच महिन्यांत तो धुऊन जातो आणि वळण हळूहळू परत येतं, मात्र इस्त्रीच्या उष्णतेने झालेली इजा केसात राहते. यातल्या अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत ठेवलं आहे. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड वापरलेल्या उपचारांनंतर मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्णही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. ‘शेवटचं एकदा करून घेते’ असं मनात आलं, तर हे आठवावं.

आता वेळेचा हिशेब. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे, म्हणजे तीसेक सेंटिमीटर केस पूर्ण नवे यायला दोन ते अडीच वर्षं लागतात. शिवाय कुरळा केस वाळला की आखडतो. सहा महिन्यांत सहा-सात सेंटिमीटर वाढ झाली तरी आरशात ती तीन-चारच दिसते. केस वाढतच नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. ओली बट ताणून मोजा, मग खरी वाढ दिसेल.

सगळ्यात जास्त जपायचा तो सांधा, नवा कुरळा भाग आणि जुना सरळ भाग जिथे भेटतात ती जागा. दोन्हीकडची ताणण्याची ताकद वेगळी असते. दर वेळी मुळांशी औषध लावताना ते आधीच्या सरळ केसावरही थोडं चढलेलं असतं, म्हणजे तो पट्टा दोन-तीनदा औषध आणि इस्त्री सोसून बसलेला. केस तुटतो तो इथेच. त्यामुळे या काळात गुंता काढण्याची पद्धत बदलणं हा माझ्या मते कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा मोठा उपाय आहे.

कोरडे केस विंचरायचे नाहीत. न्हाताना, केस ओले असताना, भरपूर कंडिशनर लावून गुंता काढायचा. मध्यम दाट केसांचे चार भाग करा, खूप दाट असतील तर सहा. एक भाग मोकळा ठेवा, बाकीचे चापाने बांधा. सांध्याच्या वरचा केस एका मुठीत धरा, म्हणजे खालचा ताण तिथपर्यंत पोचणार नाही. आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवा, मग रुंद दातांचा कंगवा टोकापासून सुरू करून दोन-दोन बोटं वर सरकत न्या. मुळापासून खाली ओढलेला कंगवा सगळे गुंते सांध्यावर नेऊन घट्ट करतो. बारीक दातांची फणी या दोन वर्षांत लागलीच, तर फक्त उवा काढायला.

धुण्याबद्दल. आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. घाम फार येत असेल, व्यायाम असेल, तर तीनदा धुवायला हरकत नाही. शाम्पू टाळूवरच लावायचा. एक चमचा शाम्पूत तीन चमचे पाणी घालून तो बोटांच्या पेरांनी टाळूवर चोळा. खाली वाहून येणारा फेस टोकांना पुरेसा असतो. टाळूचं नैसर्गिक तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून सौम्य, सल्फेट (तेल जोरात काढणारं फेसाचं रसायन) नसलेला शाम्पू बरा. शिकेकाई वापरायची तर रिठ्यासोबत उकळून, तो काढा दोनदा गाळून घ्या. वाटलेली पूड थेट केसांत घातली तर तिचे कण वळणांत अडकतात आणि ते काढताना उरलेले केसही तुटतात.

न्हाण्याआधीचं खोबरेल मात्र सोडू नका. 2003 साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. तिघांपैकी फक्त खोबरेलाने केसातल्या प्रथिनाची झीज लक्षणीय कमी केली, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचे लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतात. दोन चमचे तेल, धुण्याआधी एक-दोन तास, सांध्यापासून टोकांपर्यंत. कोंडा असेल तर टाळूला रात्रभर तेल ठेवू नका. कोंड्यातली बुरशी त्याच तेलावर पोसते.

बोअरच्या पाण्याने न्हाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. नळाच्या तोटीवर पांढरा थर आणि साबणाला फेस कमी, म्हणजे पाणी जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसतं आणि कंडिशनर लावूनही केस खरखरीत राहतात. शेवटचे दोन तांबे गाळण-यंत्राच्या आरओ पाण्याचे घ्या, आणि महिन्यातून एकदा ईडीटीए (हे क्षार धरून धुऊन नेणारं रसायन) असलेला क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू वापरा. लिंबाचा रस थेट पिळणं टाळा. आधीच औषध सोसलेल्या केसाला इतकं आम्ल झेपत नाही.

आता अंडं. केसांना प्रथिन हवं म्हणून अंडं लावायची पद्धत घरोघरी आहे, पण अंड्यातलं प्रथिन इतक्या मोठ्या रेणूंचं असतं की ते केसात शिरत नाही, वर वाळून निघून जातं. उपयोग होतो तो हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकडे केलेल्या प्रथिनाचा. तीन-चार आठवड्यांतून एकदा ते असलेला मास्क पुरतो. गरज ओळखायची साधी खूण आहे. गळलेला एक केस ओला करून हलकेच ताणा. रबरासारखा ताणत गेला आणि परत आलाच नाही, तर प्रथिन हवं. न ताणता लगेच तुटला, तर प्रथिन पुरे, नुसता ओलावा देणारा कंडिशनर हवा. दर आठवड्याला प्रथिन लावणाऱ्यांचे केस काडीसारखे कडक होतात आणि दोष कंडिशनरला दिला जातो.

केस बसवायचे ते ओलेचिंब असतानाच. अर्धवट वाळल्यावर जेल लावलं तर केस आधीच पिंजारलेले असतात आणि तसेच पक्के होतात. जेल घरी करता येतं. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच, सतत ढवळणं. सात ते दहा मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी तार सुटली की लगेच आच बंद करा आणि गरम असतानाच जुन्या नायलॉनच्या मोज्यातून किंवा मलमलीतून गाळा. दोन मिनिटं जास्त उकळलं किंवा गार होऊ दिलं, की ते गाळलंच जात नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबूस वास आला तर फेकून द्या.

आधी थोडा लीव्ह-इन, म्हणजे न धुता केसांत तसाच ठेवायचा कंडिशनर, मग जेल दोन्ही तळहातांवर पसरून बट तळव्यांमध्ये धरून खाली सरकवा, शेवटी टोकांकडून वर मुठीत दाबा. दोन्ही एकमेकांत मिसळत नसतील तर वाळल्यावर पांढरे कण दिसतात, म्हणून आधी तळहातावर एकत्र करून बघा. जाड टॉवेलने खसाखसा पुसू नका. पंचा किंवा जुना सुती टी-शर्ट घेऊन पाणी दाबून टिपा. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर केस कडक वाटतील, तो जेलचा पापुद्रा आहे. तळहाताला दोन थेंब तेल लावून केस मुठीत चुरगाळा, कडकपणा जातो आणि वळण राहतं.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ग्लिसरीन असलेली क्रीम केस फुगवतात, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. विदर्भाच्या कोरड्या हिवाळ्यात तेच ग्लिसरीन केसातला ओलावा बाहेर खेचतं. एकच बाटली बारा महिने चालत नसेल तर दोष तुमच्या केसांचा नाही.

वर कुरळे, खाली सरळ हे दिसायला खटकतं, ते झाकायचं तर सरळ टोकांना वळण द्या, मुळांना इस्त्री नको. जवळजवळ वाळलेल्या केसांच्या आठ-दहा सैल वेण्या घाला, टोकं मऊ स्पंजच्या रोलरवर गुंडाळा आणि सकाळी पूर्ण वाळल्यावरच सोडा. ओल्या वेणीने झोपू नका. घट्ट अंबाडा किंवा रोज ओढून बांधलेली पोनीटेल कपाळाकडचे केस कायमचे घालवू शकते. शाळेत दोन वेण्यांचा नियम असलेल्या मुलींच्या वेण्याही सैल घालाव्यात, आणि ‘केस विंचरले नाहीस का’ हा प्रश्न घरातल्या मोठ्यांनी तरी विचारू नये. कुरळे केस मोकळे सोडले म्हणून कोणी अव्यवस्थित ठरत नाही. टाळूवर भाजल्याचे व्रण, खवले किंवा नाण्याएवढी टक्कल दिसली, तर पार्लर नाही, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

कापण्याचं शेवटी बोलतो. सगळे सरळ केस एकदम कापायचे की हळूहळू, हा ज्याचा त्याचा निर्णय. धीर असेल त्यांनी एकदम कापावे, गुंत्याचा आणि तुटण्याचा त्रास त्याच दिवशी संपतो. नाहीतर दर आठ-दहा आठवड्यांनी दीड-दोन सेंटिमीटर कापत जा. एकदम कापताना केस ओले करून, कंडिशनर लावून बसा. कुरळा भाग लगेच वळतो, सरळ भाग लोंबत राहतो, सांधा डोळ्यांना दिसतो. कात्री सांध्याच्या अर्धा सेंटिमीटर वर लावायला सांगा, आणि एकेक बट वेगळी धरून कापायला सांगा. सगळे केस खाली ताणून एका रेषेत कापले, तर वाळल्यावर एक बाजू वर आणि एक खाली दिसते. आकार देण्याची कापणी त्या दिवशी नको. ती दोन-तीनदा धुऊन, केस कोरडे आणि आपल्या वळणात बसलेले असताना करून घ्या.