पेनरिनची पत्रं: साखर, स्लेट आणि नावांच्या याद्या

हा जो किल्ला दिसतोय ना, तो वाटतो हजारेक वर्षांपूर्वीचा, पण आहे फक्त दोनशे वर्षांचा. उत्तर वेल्समधलं बँगोर गाव, एकीकडे समुद्र, पाठीमागे डोंगर, आणि झाडीतून वर आलेला हा पेनरिन कॅसल. १८२० च्या सुमारास थॉमस हॉपर या आर्किटेक्टने तो बांधायला घेतला, मालक पेनंट घराण्याला जुन्या नॉर्मन राजांच्या काळातल्या किल्ल्याचा थाट हवा होता म्हणून. हा जिना बघा, भिंतीवरचं हे कोरीवकाम बघा. आणि हा पलंग, अख्खाच्या अख्खा स्लेटचा, म्हणजे शाळेतली पाटी ज्या दगडाची असायची त्याचा, वजन जवळपास एक टन. हे सगळं बघितलं की कुणालाही वाटेल, हा स्लेटच्या खाणीचा पैसा. ते निम्मं खरं आहे.

उरलेलं निम्मं इथून जवळच, बँगोर युनिव्हर्सिटीच्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात आहे.

इथे आत जाताना पेन बाहेर ठेवायचं, फक्त पेन्सिल चालते. खोकं टेबलावर येतं, वही फोमच्या उशीवर ठेवतात, पानं मिटू नयेत म्हणून वर वजनाची दोरी. हा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून इतकी वर्षं टिकलाय. शाई लोखंड आणि मायफळाची, लिहिली तेव्हा काळी होती, आता तपकिरी झालीये. तेव्हा पाकीट नसायचं, पत्राचीच घडी घालायची, बाहेरच्या बाजूला पत्ता लिहायचा आणि लाखेने बंद करायचं, त्यामुळे घडीच्या रेषेवर कागद आधी झिजतो आणि नेमका तिथलाच शब्द जातो. हे बघा, लाख जिथे फोडली तिथे कागदाचा तुकडाच निघालाय. आणि जहाज बुडायची, पकडली जायची, म्हणून त्या काळी एकाच पत्राच्या दोन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायचे.

ही पत्रं आलीयेत जमैकाहून. पेनंट घराणं मूळचं वेल्समधल्या फ्लिंटशरचं, सतराव्या शतकात त्यातला एकजण जमैकाला गेला, जमीन घेतली, ऊस लावला, आणि त्याचा पणतू रिचर्ड पेनंट याच्या हातात येईपर्यंत क्लॅरेंडन भागात मोठमोठे मळे झाले होते. एका मळ्याचं नाव डेन्बी, थेट वेल्समधल्या गावाचं. रिचर्ड स्वतः लिव्हरपूलचा खासदार, मळे एजंटांच्या भरवशावर, आणि सगळा कारभार असा पत्रांतून. पाऊस कसा झाला, साखरेची किती पिंपं भरली, रमची किती, कुठली गुरं मेली. एका पत्रात रिचर्ड एजंटला बजावतो की गुरांना आणि गुलामांना कामाने फार दमवू नका. गुरं आणि माणसं, एकाच वाक्यात! मी ते वाक्य परत परत वाचलं. त्यात राग नाही, द्वेष नाही, शेताचा हिशोब लिहावा तसं लिहिलंय, आणि म्हणूनच ते जास्त भयंकर आहे.

मग या याद्या. गुलाम केलेल्या माणसांच्या. नाव, पुढे वय, काम काय, तब्येत कशी. बायका, पुरुष, लहान मुलं, म्हातारी झालेली माणसं, एकाखाली एक, आणि आडनाव बहुतेकांना नाहीच. कॅमेरा इथे मुद्दाम थांबवलाय, कारण या माणसांनी स्वतः लिहिलेलं एकही पत्र या खोक्यांत नाही, जे काही उरलंय ते या रकान्यांत.

हाच पैसा मग इकडे लागला. १७८० च्या दशकात रिचर्डने बँगोरजवळच्या बेथेस्डा गावाशेजारची स्लेटची खाण स्वतःच्या ताब्यात घेतली, रस्ते बांधले, पोर्ट पेनरिन हे बंदर उभं केलं, १८०१ मध्ये घोड्यांनी ओढायची रेल्वे आली, आणि इथली स्लेट लांबलांबच्या शहरांच्या छपरांवर जाऊन बसली. ही खाण वरून बघा, डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात. तोच रिचर्ड पार्लमेंटमध्ये गुलामांचा व्यापार बंद करायच्या विरोधात बोलत होता. तो १८०८ मध्ये गेला. पुढे १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपली तेव्हा ७६४ माणसांबद्दल त्याच्या वारसाला १४,६८३ पौंड नुकसानभरपाई मिळाली, त्या माणसांना काहीच नाही, आणि १९०० मध्ये याच खाणीतले वेल्श कामगार संपावर गेले ते तीन वर्षं.

२०२१ मध्ये इथला स्लेटचा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, ते चांगलंच झालं, खाणकामगारांच्या घामाची दखल घ्यायलाच हवी होती. पण किल्ला बघायला रांग लागते आणि या खोक्यांकडे अभ्यासकच तेवढे येतात. जमैकात क्लॅरेंडनमध्ये आजही पेनंट्स नावाचं गाव आहे, डेन्बीमध्ये दर ऑगस्टला मोठं शेतकी प्रदर्शन भरतं. त्या भागातल्या कुणाला आपली पणजी शोधायची असेल तर पहिला धागा याच रकान्यांत सापडू शकतो. म्हणून या याद्यांतलं एकूण एक नाव टाइप होऊन, नाव टाकलं की पान उघडेल असं, फुकट, जमैकातल्या माणसाला घरबसल्या मिळायला हवं. खर्च होईल, माणसं लागतील, जुनं अक्षर वाचता येणारी. ती नेमा.