अली माहीमकर

(माहीम, डिसेंबरची संध्याकाळ. पोलीस ठाण्याच्या फाटकातून संदल, म्हणजे चंदनाच्या लेपाची मिरवणूक, निघते.)

खाकी वर्दी आणि डोक्यावर संदलाचं ताट. पुढे बँड, मागे चारही टोकांना धरून ताणलेली हिरवी चादर. माहीमच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा. ज्यांचा हा उरूस, त्या सूफी संत मखदूम अली माहीमी बाबांचं घर इथेच होतं, जिथे आज ठाणं आहे, असं इथली जुनी माणसं सांगतात.

दहा दिवस जत्रा. किनाऱ्यावर आकाशपाळणे, आणि ही कढई बघा. चटईएवढा पराठा दोघांनी उचलून तेलात सोडायचा, फुगला की तुकडे करून हलव्याबरोबर द्यायचा. या रांगेत कुणालाही विचारा, मखदूम बाबा माहीत आहेत. बाबांनी काय लिहिलं, असं विचारलं की रांग पुढे सरकते.

(जे. जे. उड्डाणपूल, सकाळ.)

हा जे. जे.चा पूल. कागदोपत्री नाव कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहीमी उड्डाणपूल. ‘माहीमी’ म्हणजे सरळ आपल्या भाषेत माहीमकर.

(माहीमचा किनारा, ओहोटी.)

जन्म 1372 चा सांगतात. माहीम तेव्हा बेट होतं, पुढे गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली आलेलं बंदर. घराणं नवायत, म्हणजे अरबस्तानातून समुद्रमार्गे कोकणात येऊन रुजलेल्यांपैकी. वडील शेख अहमद. आई फातिमा. आईने एका रात्री पाणी मागितलं. मुलगा घेऊन येईपर्यंत तिचा डोळा लागला. उठवणार कसं? वाटी हातात धरून तो पहाटेपर्यंत तसाच उभा राहिला. पंढरपूरची वीट आठवणं साहजिक आहे. दुसरी कथा या वाळूतली: वडील गेल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा रोज भल्या पहाटे ख्वाजा खिज्र, म्हणजे लोककथांतले अमर वाटाडे, इथे येऊन त्याला धडे देत.

कथा गोड आहेत, पण त्यांच्यामागे एका माणसाचा अभ्यास झाकला जातो. लोक त्यांना नुसतं पीर म्हणत नव्हते, ‘फकीह’ म्हणत. फकीह म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार. माहीमच्या काझीपदावर ते होते.

(छापील पान. ओळींवरून फिरणारं बोट.)

हे त्यांचं कुराणभाष्य, ‘तफसीर-ए-रहमानी’. भाषा अरबी, लिहिणारा माहीमचा. ज्ञानेश्वरी होऊन तेव्हा दीडशे वर्षंही झालेली नव्हती. म्हणजे भाष्य लिहिणं ही या मुलखाला नवी गोष्ट नव्हती.

आता हे बोट थांबलंय तिथे पाहा. बिस्मिल्लाह, ‘अल्लाहच्या नावाने’. कुराणात 114 सूरा, म्हणजे अध्याय, आहेत, एक सोडली तर प्रत्येकीच्या आरंभी हेच वाक्य. एकदा अर्थ सांगून पुढे गेलं तरी चालण्यासारखं. माहीमी मात्र दर वेळी थांबतात. पुढच्या सूरेत जो विषय येणार, त्याला धरून त्याच शब्दांचा अर्थ पुन्हा लावतात. शब्द तेच, अर्थ निराळा! आणि आयतींचंही, म्हणजे सूरेतल्या एकेका वचनाचंही, तसंच. ही आयत त्या आयतीनंतरच का आली, हा त्यांचा मुख्य प्रश्न. सुटे वाटणारे मणी घेऊन ते दोरा शोधत बसतात. ज्याने कधी ओळीला ओळ लावून पोथी वाचली आहे, त्याला या खटाटोपाची किंमत कळेल.

सूफी विचारात ते इब्न अरबी या त्यांच्या आधीच्या तत्त्वचिंतकाच्या वाटेचे. अस्तित्व एकच, बाकी सगळं त्याचंच प्रकटणं. याला चटकन ‘अद्वैत’ म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो, आम्हालाही झाला. पण त्यांची मांडणी कुराणाच्या शब्दाला धरून चालते, तो शब्द सोडून नाही. इब्न अरबींच्या ‘फुसूस-उल-हिकम’ या अवघड ग्रंथावरही त्यांनी टीका लिहिली.

1431 मध्ये ते गेले. पुढे पोर्तुगीज आले, मग इंग्रज. भाष्य छापलं गेलं ते 1878 च्या सुमारास, कैरोच्या बुलाक छापखान्यात.

(दर्गा, रात्र. छतावरच्या काचा. कॅमेरा खाली येतो.)

एक मजार मखदूम अलींची, शेजारची आईची. बँड बाहेर थांबला आहे. ताट डोक्यावरून खाली उतरतं. हात संदलात बुडतात.